दुसऱ्या गालाची घाई नको

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेचं हे पत्र. वय ४८. वीस वर्षं स्कूटरवरून शाळेत जा-ये. गेल्या पाच-सहा वर्षांत दोन्ही गालांवर आणि हातांच्या पाठीवर तपकिरी डाग उठले. लेकीचं लग्न डिसेंबरात ठरलं, तेव्हा ‘फोटोत तरी बरं दिसू दे’ म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी एका क्लिनिकमध्ये डाव्या गालावरच्या तीन डागांवर लेसर करून घेतलं. खपली धरली, आठ-नऊ दिवसांत पडली, खालून गुलाबी कातडी आली. घरातले खूश. तिसऱ्या आठवड्यात तीच जागा काळपट व्हायला लागली. आता दीड महिन्यानं ती मूळ डागापेक्षा गडद आणि थोडी पसरट दिसते. क्लिनिकवाले म्हणतात, ‘आणखी एक सिटिंग घ्या, निम्म्या पैशांत करून देऊ, उजवा गाल आणि हातही त्याच दिवशी उरकू.’ नणंदेनं लिंबू आणि डाळीचं पीठ सुचवलं, ते चार दिवस चोळून झालं. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, ती दहा दिवसांपासून रोज रात्री चालू आहे आणि ‘तिनं जरा उजळल्यासारखं वाटतं.’ ताई विचारतात : ‘खपली पडेपर्यंत मी घराबाहेरसुद्धा पडले नाही. सकाळी गच्चीवर वाळवणं घालण्यापुरतं काय ते ऊन. मग माझं चुकलं की डॉक्टरांचं? दुसरी सिटिंग घेऊ का? आणि उजव्या गालाचं असं होऊ नये म्हणून काय करू?’

उत्तर :

ताई,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडते, कारण दोन गोष्टींना आजच हात घालायला हवा. पहिली, दुसरी सिटिंग आत्ता घेऊ नका. निम्म्या पैशांत नको आणि फुकटातही नको. दुसरी, मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब आज रात्री लावू नका. आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागेल, लावा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि जोडीला मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन अशी तिकडी दिसली, तर तुमच्या हातात रंग कमी करणारं औषध, साल काढणारं औषध आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र आहे.

या तिकडीचा मूळ नुस्खा १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन यांनी मांडला. औषध वाईट नाही. आम्ही त्वचेचे डॉक्टरही देतो, मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून पहिल्या आठ-दहा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो, आणि नेमकं तिथंच माणूस फसतं. महिनोनमहिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, लालसर रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते आणि क्रीम थांबवलं की चेहऱ्याची आग होते. भारतात हे इतकं पसरलं की २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांना ‘शेड्यूल एच’मध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तरीही ‘डाग घालवायची क्रीम द्या’ म्हटलं की काउंटरवरून तीच ट्यूब पुढे येते. तुमचे दहाच दिवस झालेत, त्यामुळे थांबवता येईल. थांबवल्यावर चेहरा लाल झाला किंवा चुरचुरला, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हेच पत्र दुसरं कुणी वाचत असेल आणि तिकडी सहा महिने चालू असेल, तर त्यांनी मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

आता त्या काळ्या जागेकडे वळू. डाग परत आला, तोही जास्त गडद होऊन, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. फोडणीचं तेल हातावर उडतं तेव्हा काय होतं ते आठवा. आधी लाल, मग खपली, खपली पडल्यावर चार दिवस गुलाबी, आणि नंतर तिथं काळा ठिपका बसतो तो पाच-सहा महिने हलत नाही. पोरांच्या पायांवर डास चावल्याच्या काळ्या खुणा राहतात, पुटकुळी फोडली की डाग राहतो, तोच हा प्रकार. आपल्या कातडीला इजा झाली की रंग बनवणाऱ्या पेशी खवळतात आणि नेहमीपेक्षा जास्त मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, ओततात. लेसर हीदेखील इजाच आहे. फक्त मोजूनमापून केलेली.

वेळापत्रकही जुळतंय. हा काळेपणा साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात उगवतो, दोन-तीन महिन्यांपर्यंत गडद राहतो आणि मग सावकाश फिका होत जातो. खरा उन्हाचा डाग परत येतो तेव्हा त्याला बरेच महिने लागतात आणि त्याची कड रेखीव असते. तुमचं वर्णन ‘पसरट’ असं आहे, म्हणजे खपली जेवढी होती तेवढी जागा, कडा विरलेल्या. अशा जागेवर पुन्हा लेसर मारणं म्हणजे भाजलेल्या जागी पुन्हा तेल उडवणं. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण दीड महिन्यात दुसरी सिटिंग सुचवणाऱ्यांनी हा काळेपणा कशाचा आहे हे तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं.

थोडं यंत्राबद्दल सांगते, म्हणजे उजव्या गालाच्या वेळी तुम्हाला प्रश्न विचारता येतील. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी एक विचार मांडला, त्यावर आजचे बहुतेक सगळे त्वचेचे लेसर उभे आहेत. प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडायची की ती रंगद्रव्यातच जास्त शोषली जाईल, आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत काम संपलं पाहिजे. डागांसाठी भारतात बहुतेक ठिकाणी एनडी-याग नावाचं यंत्र असतं. त्याची एक लांबी ५३२ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा प्रकाश, आणि दुसरी १०६४. वरवरच्या तपकिरी डागाला ५३२ चांगली लागू पडते, कारण मेलॅनिन ती अधाशासारखी पिऊन घेतं. अडचण तिथंच आहे. गोऱ्या युरोपीय गालावर मेलॅनिन जवळपास फक्त डागात असतं. आपल्या गालावर ते डागाखाली, डागाभोवती, सगळीकडे असतं. यंत्राला डाग कुठला आणि तुमचा रंग कुठला हे कळत नाही. १०६४ ची लांबी खोल जाते आणि वरच्या रंगाला कमी चाळवते, म्हणून सावळ्या कातडीला ती जास्त मानवते. पण बारीक वरवरच्या डागावर तिचा परिणाम सौम्य असतो. पिको नावाची नवी यंत्रं आणखी आखूड झोत देतात, धोका कमी करतात. शून्यावर आणत नाहीत, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

जाता जाता एक. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक यांची पट्टी तुम्हाला क्लिनिकच्या भिंतीवर दिसली असेल. ती १९७५ साली आली तेव्हा तिच्यात गोऱ्या कातडीचेच प्रकार होते. आपल्यासारख्यांसाठीचे पाचवा आणि सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. तुमचा प्रकार कितवा धरला आणि त्यासाठी ऊर्जा किती ठेवली, हे पुढच्या वेळी विचारा. डॉक्टर चिडले तर दुसरे डॉक्टर बघा.

मग चुकलं कुणाचं? यंत्र कुठलं, ऊर्जा किती, ते मी पाहिलेलं नाही. पण नीट केलेल्या लेसरनंतरही आपल्याकडे असा काळेपणा येतो, बऱ्याच जणांना येतो, आणि तो आला म्हणजे डॉक्टर चुकले असं होत नाही. चूक आधी झाली असावी. असं होऊ शकतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, किंवा सहीच्या कागदावर सांगितलं आणि तोंडानं नाही. दुसरी चूक महिन्याची. मे महिना! शाळेला सुट्टी म्हणून तुम्ही तो निवडलात, क्लिनिकनंही अडवलं नाही. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून तुम्ही मुलांना मैदानात उभी काठी दाखवत असाल, तेच हे दिवस. वर्षातलं सगळ्यात तिखट अतिनील ऊन तेव्हा पडतं, आणि त्याच पंधरवड्यात तुमच्या गालावर नवी, गुलाबी, संरक्षण नसलेली कातडी उघडी होती.

आणि आता वाळवणं. रागावू नका, पण पत्रातल्या त्या एका ओळीवर मी थांबले. ‘घराबाहेर पडले नाही’ असं लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात गच्ची आली. आपल्याकडे गच्ची घरातच धरतात ना! सकाळी कुरडया घालायला पाऊण तास, दुपारी उलटायला, संध्याकाळी काढायला. वरून ऊन आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावरून उसळून येणारं ऊन, वाकलेल्या चेहऱ्यावर. पदर डोक्यावर असतो, गाल उघडाच. माझ्याकडे दरवर्षी जूनमध्ये अशा चार-पाच जणी येतात. सगळ्या शपथेवर सांगतात की उन्हात गेलो नाही.

घरातलं म्हणावं तर तेही निर्धोक नाही. खिडकीची काच भाजणारे अतिनील किरण अडवते, पण रंग गडद करणारे किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते. शिवाय साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः निळसर भाग, आपल्यासारख्या सावळ्या कातडीला काळा करतो. गोऱ्या कातडीवर तसं होत नाही, म्हणून ही गोष्ट लक्षात यायला उशीर झाला. नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन हा दिसणारा प्रकाश अडवत नाही. त्यासाठी लोह-ऑक्साइड असलेलं, मातकट रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन लागतं. तुमच्या गालासाठी आज एकच वस्तू विकत घ्यायची असेल, तर ही घ्या.

किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला. एसपीएफ ३० अतिनील ब, म्हणजे भाजणाऱ्या, किरणांतले सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८. या दोन आकड्यांतल्या फरकात काहीच जीव नाही, पण हे मोजमाप जाड थरावर केलेलं असतं आणि आपण हळदीकुंकवाच्या बोटाएवढं लावतो. म्हणून ५० घ्या, आणि रंग गडद करणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण दाखवणाऱ्या पीए या अक्षरांपुढे अधिकची चिन्हं तीन किंवा चार आहेत ना ते बघा. हिशेबाची सोपी खूण सांगते. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा नीट लावली तर तीन-साडेतीन आठवड्यांत संपली पाहिजे. दोन महिने पुरत असेल तर तुम्ही ते लावत नाही, नुसतं दाखवता. शाळेत निघताना एकदा, मधल्या सुट्टीत एकदा. मैदानावर तास असेल तर दर दोन तासांनी. स्कूटरवर सनकोट आणि स्कार्फ तुम्ही घालतच असाल, तो चालू ठेवा. फक्त स्कार्फ गालावर करकचून आवळू नका, घर्षणानंही रंग चढतो. आणि तुम्ही म्हणाल पावसाळा लागला. सोलापूरचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगावा. ढग येतात, बघून जातात. पातळ ढगातून अतिनील किरण भरपूर येतात.

लिंबाबद्दल नणंदेशी भांडू नका, पण लिंबू बंद. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे कातडी अक्षरशः भाजते आणि मागे महिनोनमहिने टिकणारे काळे ओघळ राहतात. सरबत पिळून उन्हात बसलेल्यांच्या हातांवर ते मी पाहिलेत. डाळीचं पीठ निरुपद्रवी आहे, पण चोळणं नाही. पुढचे सहा महिने गालाला घासणारी प्रत्येक गोष्ट बंद : उटणं, स्क्रब, ब्लीच, वाफ, फेशियल. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं अंगाला लावा, तोंडाला नको. आणि कुणी ओळखीतून ‘परदेशी’ उजळवणारी क्रीम आणून दिली, जिच्यावर घटकांची यादीच नाही, तर ती कचऱ्यात टाका. अशा क्रीममध्ये पारा निघतो. २०२३ च्या सुमारास केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना अशा क्रीम वापरणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडलेली आढळली होती.

मग गालाला काय लावायचं? सनस्क्रीन सोडून एक सौम्य मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी बघून दिलं तर ॲझेलेइक ॲसिड १५ किंवा २० टक्क्यांचं. सुरुवातीला थोडं चुणचुणतं, म्हणून दिवसाआड. नायसिनमाइड चार-पाच टक्क्यांचं चालेल. हायड्रोक्विनोन एकट्यानं काही आठवडे देता येतं. वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळा रंग चढतो आणि तो मग जाता जात नाही. ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्यांचं नाव तुमच्या कानावर येईल, मैत्रिणींच्या ग्रुपवर हल्ली तेच चालतं. मुळात ते रक्तस्राव थांबवायचं औषध आहे. पायात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. चाळिशीच्या शेवटी पाळीच्या तक्रारींसाठी हार्मोन चालू असलेल्या बायका बऱ्याच असतात, म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या बाबतीत मला गोळ्यांची गरज दिसत नाही.

उजव्या गालाबद्दल तुम्ही ‘असं होऊ नये म्हणून’ विचारलंत, त्याआधी एक उलटा प्रश्न. ते डाग उन्हाचेच आहेत हे कुणी ठरवलं? दोन्ही गालांवर, सारखेच, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आपल्याकडे अशा वर्णनात पहिला संशय वांगाचा घ्यायचा. वांगावर असा लेसर केला की पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग ते सूड घेतल्यासारखं उसळतं. काही वेळा ते बारीक उंचवटे असतात, बोटाला खरखरीत लागतात. त्यांना लेसरऐवजी वेगळा, सोपा उपाय असतो. कधी केस रंगवायच्या डायची ॲलर्जी गाल आणि कानशिलं काळपट करते, आणि बाई वर्षानुवर्षं उन्हाला दोष देत राहते. तुम्ही केस रंगवता का, ते पत्रात नाही. आणि क्वचित, पण नक्की, एखादा डाग धोक्याचा असतो : झपाट्यानं वाढणारा, वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा, रक्त येणारा. तो लेसरनं पुसला तर पुरावाच पुसला जातो. म्हणून आधी डर्मोस्कोपनं, म्हणजे त्या उजेडाच्या भिंगानं, प्रत्येक डाग बघून घ्या. पाच मिनिटं लागतात. डाव्या गालाच्या वेळी ते भिंग लावलं होतं का, आठवून बघा. बघणारी व्यक्ती त्वचारोगाची एम.डी., डी.एन.बी. किंवा डिप्लोमा असलेली आहे ना, तिची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे ना, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

भिंगाखाली ते उन्हाचेच डाग ठरले तर पुढचं सोपं आहे, फक्त सावकाशीचं आहे. सगळ्या गालावर करण्याआधी कानाजवळचा एकच लहान डाग करून बघायचा आणि सहा आठवडे थांबायचं. पंधरा दिवसांनी ‘काही झालं नाही, चला पुढे’ म्हणणं उपयोगाचं नाही, कारण काळेपणा उगवतोच त्यानंतर. सगळ्यात मोठा पुरावा तर तुमच्याजवळ आधीच आहे. तुमचा डावा गाल काळा पडला, म्हणजे उजवाही पडण्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त. म्हणून ऊर्जा कमी, सिटिंग जास्त, मध्ये किमान दोन महिने.

लेसरच्या आधी क्रीम लावून कातडी ‘तयार’ करायची पद्धत आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत शंभर जणांवर केलेल्या एका अभ्यासात अशा पूर्वतयारीचा काळेपणा टाळायला काहीच उपयोग दिसला नव्हता. तो लेसर वेगळा होता आणि कातडी गोरी होती, पण तो वाचल्यापासून मी या क्रीमवर फारसा भरवसा ठेवत नाही. ऊन टाळण्यावर ठेवते. रापलेल्या कातडीवर लेसर करायचाच नाही. आठवडाभर आधी ब्लीच आणि वॅक्सिंग बंद. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या चालू असतील, ओठाभोवती तापाचे फोड (हर्पिस) उठत असतील, तर आधी सांगायचं.

आणि नंतरचे दोन दिवस, जे सगळ्यात जास्त मोलाचे. लगेच थंड पट्टी, बर्फ थेट नाही. मग साधं व्हॅसलीन, दिवसातून तीन-चारदा, जागा कोरडी पडू न देता. काही डॉक्टर पहिले दोन-चार दिवस तीव्र स्टिरॉइड मलम देतात, सूज तिथंच दाबण्यासाठी. थायलंडमध्ये दुसऱ्या एका लेसरनंतर त्याचा फायदा दिसला आहे. वर ज्या स्टिरॉइडवर मी इतकं तोंडसुख घेत होते तेच हे, फरक दोन दिवस की दोन महिने एवढाच. खपली ओढायची नाही, पंच्यानं पुसायची नाही, टिपायची. तुमच्या पत्रात ‘आठ-नऊ दिवसांत पडली’ आहे. ती आपणहून पडली की आंघोळीत पुसताना निघाली, हे फक्त तुम्हालाच माहीत.

हातांचा विषय मी लांबवला, कारण माझं मत तुम्हाला आवडणार नाही. हात आत्ता करूच नका. चेहऱ्यापेक्षा हातांची कातडी बरी व्हायला दुप्पट वेळ घेते, वर भांडी, साबण, खडू आणि स्कूटरचं हँडल. वीस वर्षांपूर्वी, नवी नवी असताना, मी एका बँकेतल्या बाईंचे दोन्ही हात एप्रिलमध्ये, एकाच दिवशी केले होते. त्यांनीच घाई केली होती, पण ‘नाही’ म्हणायचं काम माझं होतं. वर्षभर त्या लांब बाह्यांचे ब्लाउज घालत होत्या. त्यानंतर मी एप्रिल-मेमध्ये लेसरला हात लावलेला नाही.

राहिलं लग्न. आज जूनचा मध्य, लग्न डिसेंबरात. साडेपाच महिने आहेत. काहीही न बिघडवता नुसतं झाकून आणि सांभाळून ठेवलं तर डावा गाल तोवर बराच फिका झालेला असेल, कदाचित ओळखूही येणार नाही. उजव्या गालावर आता लेसर केला आणि तोही काळा पडला, तर लग्नात दोन काळे गाल. न केला तर गेली पाच-सहा वर्षं आहे तोच गाल. उजवा लग्नानंतर. डिसेंबरअखेर तो कानाजवळचा एक डाग करून बघा. निकाल फेब्रुवारीत कळेल, आणि मग पुढचं काम पुढच्या दिवाळीनंतर. हो, दीड वर्ष. हे डाग यायला वीस वर्षं स्कूटर चालवावी लागली होती.

लग्नाच्या दिवशी मेकअप करणाऱ्या मुलीला सांगा, थेट फाउंडेशन न थापता आधी नारिंगी छटेचा करेक्टर काळ्या जागेवर टिपायचा, मग कातडीच्या रंगाचा कन्सीलर. एकदा आधी घरी करून बघा, उजेडात. ‘फोटोत तरी बरं दिसू दे’ या वाक्यातल्या ‘तरी’वर मी दोनदा अडखळले, हे मात्र लिहायचं राहायला नको. लेक सासरी जाताना ज्या चेहऱ्याकडे बघून रडणार आहे, त्यावरचे हे डाग तिनं कधी मोजले असतील असं मला वाटत नाही. तरीही तुम्हाला ते खुपतात, तर त्यावर उपाय करणं हा तुमचा हक्क आहे, नटवेपणा नाही. त्यासाठी कुणाची परवानगीही नको.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, त्याच खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून डाव्या गालाचा एक फोटो काढा आणि मधल्या काळात आरसा जवळून बघू नका. ऑगस्ट आणि सप्टेंबर शेजारी ठेवलेत की फरक दिसायला लागेल. सप्टेंबरपर्यंत काहीच हललं नाही, किंवा तपकिरीऐवजी निळसर-राखाडी झाक दिसली, किंवा पांढरे ठिपके उमटले, तर वाट न बघता दाखवा. तेव्हा रंग खोल उतरलेला असतो किंवा पेशींना इजा झालेली असते आणि इलाज वेगळा लागतो.

पुढच्या मे महिन्यात कुरडया घालायला जावयाला गच्चीवर पाठवा.